खांडीचं नाव

नाय रावसाहेब, मी हलनार नाय इथून — तुमी ते एवढं खोडा, मग जाते. हे काय, तुमचा अंगठा टेकलाय तिथंच. मना वाचता येत नाय, पन मगाशी गुनाजी पाटील बोट दाखवून सांगत होते आनि तुमी मान खाली घालून लिवत होता, तेवा मी त्या भेंडीच्या झाडामागंच उभी होते. उघाडी लिवलीत, म्हंजे ते बांधातलं पान्याचं दार, देवीची टेकडी लिवलीत, आनि मग पाटील इथं येऊन थांबले, या खांडीवर — हे बांधाला भगदाड पडलंय नि खाडीचं पानी आत-बाहेर करतंय ना, त्याला आमी खांड बोलतो, तुमच्या पुन्याकडं काय बोलतात देव जाने — आनि पाटलांनी हिचं नाव सांगितलं, आनि तुमी ते लिवलं. तेवढं एक खोडा. बाकी त्या कागदाशी माझं काय एक देनं-घेनं नाय.

पाटलांनी जाताजाता सांगितलं असनार, त्या बाईकडं ध्यान देऊ नका, सगुना येडी हाय. सांगितलं ना? मना ठावं हाय, गावात नवा मानूस आला की ते पहिलं हेच सांगतात, मग पानी विचारतात. बरं, येडी तर येडी. तुमची साखळीवाली मानसं भाकरी खायाला गेलीत, ती येईपरत तुमाला तरी काय काम हाय — ऐकून घ्या. खोडायला असा कितीसा येळ लागतो? आनि जागा मोकळी ठेवायची नसेल तर दुसरं काय पन लिवा. फुटका बांध लिवा. भेंडीखालची खांड लिवा. बगळ्यांची खांड लिवा — ओहोटीला इथं बगळे उतरतात, म्हंजे खोटं पन नाय होनार. सरकारला काय, त्याला जागा मोजायची हाय, नाव कंचं पन असलं तरी जागा काय कमी-जास्त होनार नाय.

तुमाला वाटत असेल, नाव म्हंजे बापजाद्यांनी ठेवलेलं, पक्कं, ते एका बाईनं सांगितलं म्हनून कसं बदलायचं. तर बघा, तुमी आता बसलाय ती जागा काय होती? पानी होतं. निव्वळ पानी. मी लगीन होऊन आले ती होडीतून आले, कोपरच्या बंदराला बसले नि या इथं कुठंतरी हळदीच्या पायांनी चिखलात उतरले. चारी अंगांनी खाडी आनि मधी आमचं सोनजू. जू म्हंजे बेट, आमच्याकडं बेटाला जूच बोलतात. कडेनं तिवरांची दाट झाडी, मधी टेकडी, टेकडीवर देवी, पायथ्याला आमची घरं. टेकडी अशी उंच की वर उभं र्‍हायलं तर इकडं मुंब्र्याचा डोंगर नि तिकडं कल्यानला जानाऱ्या मचव्यांची शिडं दिसायची. आता कुठं हाय टेकडी? आगगाडीच्या रुळांखाली भराव टाकायला मुरूम पायजे होता, तर मचवे लावून खोदून नेली. देवी उचलून खाली आनून बसवली, बिचारी आता चिंचेखाली बसलीय. आनि तुमी काय लिवलंत, देवीची टेकडी. तिथं देवी पन नाय नि टेकडी पन नाय.

मग खोतानं सरकारातून जमिनीचा कौल आनला, पलीकडच्या जमिनीपासून जूपरत बांध घातला, खाडीचं तोंड बुजवलं, आनि खाजनात, त्या खाऱ्या चिखलात, भात लावलं — असल्या जमिनीला आमी खार बोलतो. बांध घालायला दुसरं कोन येनार, आमीच होतो, चिखलाच्या पाट्या माझ्याच डोक्यावरून गेल्यात. एका उन्हाळ्यात बेटाचं बेटपन गेलं बघा. होडी लागायची तिथं बैलगाडी यायला लागली. होड्या ज्या वडाला बांधायचे त्याला होडीवड बोलायचे — वड अजून हाय, पन त्याला आता बैल बांधतात, आनि पोरं त्याला बैलवड बोलतात. त्यांचं काय चुकलं? त्यांनी तिथं होडी बघितलीच नाय. माझ्या सासूच्या तोंडात तर किती नावं होती, कालवांचा खडक, मुरड्यांची खाच, शेवाळी — ती म्हातारी गेली नि नावं पन तिच्यासंगती गेली. खडकच बांधाखाली गाडला, मग कालवं कुठली नि नाव कुठलं. आनि सोनजू — तुमच्या त्या कागदावर सोनजू लिवलंय का, तेवढं बघून सांगा. काय? खोताची नवी खार? बघा. एवढं अख्खं बेट होतं, मानसं त्याच्यावर जन्मली, तिथंच मेली, आनि नाव गेलं तर कोनी रडलं का? कोनी नाय. मी पन नाय. मी तर बोलते जाऊ द्या, नावं जातात म्हनून तर मी जगतेय. मग सगळी गेली नि हेच एक तुमी कशाला धरून ठेवता? तोंडातलं नाव झिजतं, रावसाहेब. बोलनारी मानसं म्हातारी होतात, पोरं दुसरंच काय बोलाया लागतात. कागदावरचं कसं झिजनार? ते ठान्याच्या कचेरीत जाऊन बसनार. उद्या सगळा गाव विसरला तरी कोनी साहेब कागद काढनार नि बोलनार, नाय, हिचं नाव हेच.

थांबा ना, उठू नका. तुमाला आमची चाल ठावं नाय म्हनून तुमाला हे येडचाप वाटतंय. आमच्यात बांध फुटला नि पान्यानं मानूस नेला, तर त्या खांडीला त्या मानसाचं नाव देतात. गाव बांधावर जमतो, पाटील नारळ फोडतात, मेलेल्याचं नाव पान्याकडं तोंड करून मोठ्यानं घेतात. तिथून पुढं ते नाव खांडीचं. मग त्या घरात कोनी पोराला ते नाव ठेवत नाय, त्या नावानं कोनी हाक मारत नाय. पान्याला नाव दिलं की पानी पुन्हा मानूस मागत नाय, असं आमी मानतो. तिकडं वर, शिळेकडं वाट जाते ना, त्या बांधावर गोदाची खांड होती. गोदा म्हंजे माझ्या सासूची जाऊ, डोक्यावरच्या पाटीसकट गेली होती. आता विचारून बघा कोनाला. तिथं चिंच उगवली, लोक चिंचखांड बोलतात, गोदा कोन ते तिच्या नातवाला पन सांगता येनार नाय. मना तेवढंच पायजे. हिचं पन नाव असंच जाऊ द्या. पाटलांनी सांगितलं ते नाव माझ्या धन्याचं हाय, रावसाहेब. माझ्या नवऱ्याचं. आनि जित्या मानसाचं नाव खांडीला देनं म्हंजे त्याला मानेला धरून पान्यात घालन्यासारखंच हाय.

नाय, जित्या असं नाय — मी तशीच बोलते, तोंडाला सवय पडलीय. गाव सांगतो, त्या पावसाळ्यात बांध फुटला, ते बुजवायला गेले नि वाहून गेले. गाव सांगतो म्हंजे तसंच असनार. मढं? मढं नाय मिळालं. या खाडीत गेलेलं मढं मुंब्र्याच्या वळनावर लागतं, नायतर ठान्याच्या पुलाला जाऊन अडकतं, पन यांचं कुठंच नाय. तरी नारळ फोडला, नाव दिलं. बाया माझं कुंकू पुसायला आल्या, मी कोनाला हात लावू दिला नाय, एकीला तर चावले. तेवापासून मी येडी. आनि बरंच झालं, येडीनं कुंकू लावलं तर कोनी काय बोलत नाय. आमची शकू तेवा अंगावर पीत होती, आता लगीन होऊन मानपाड्याला गेली. तिच्या लग्नात मना हळद लावू दिली नाय, रावसाहेब. रांडाव बाई नि कपाळाला कुंकू, असल्या बाईचा हात पोरीला कोन लावून घेनार? पाटीलीनबाई माझ्या पाया पडल्या, बोलल्या सगुना, वऱ्हाडी बघतायत, त्यांच्यासमोर गावाला तसं दाखवायला लागतं, तू मागल्या दारी बस. मी बसले. माझ्याच पोरीच्या हळदीची गानी मी खरकट्या भांड्यांत बसून ऐकली. लई रडले त्या दिवशी. इतकी तर मी त्या दिवशी पन रडले नव्हते, बांध — बांध फुटला त्या दिवशी.

तुमी परत तसंच बघताय. तोंड वाकडं करून हसलात तर मना चालतं, सवय हाय, पन ही कीव नका करू. बाई नवऱ्यासाठी झुरली नि डोक्यानं फिरली, हेच ना चाललंय तुमच्या मनात? सगळ्यांच्याच चालतं. मना या सगळ्याची एवढी आग होते की वाटतं एकदा बोंब मारून सांगावं — मी येडी नाय, येडी नाय मी. या बांगड्या बघा. नाय, बघाच. असली काच कल्यानच्या बाजारात मिळते का? तुमच्या घरच्या कासाराला विचारा जाऊन, ही गुजराथची काच हाय. पोपट तांडेल दर साली मचवा घेऊन लाकूड आनायला बिलिमोऱ्याला जातो, नि येताना माझ्यासाठी चुडा आनतो. कोन धाडतो तो? मेलेला मानूस बायकोला चुडा धाडतो का? तुमी शिकलेले, तुमीच सांगा. मागल्या साली निरोप पन आला, बोलले शकूला नवरा कसा मिळाला ते कळव. मी काय कळवनार? मी बोलले चांगला हाय, रंगानं तुमच्यासारखाच हाय.

मग येत का नाय? हां, बरोबर विचारलंत. कोनी एवढ्या सालांत विचारलं नाय, तुमी विचारलंत. कसे येनार हो? बांध फुटला नव्हता. आमच्या हातचा बांध होता तो, असा मधीच नाय फुटत. त्या साली पाऊस थांबेना. पहिलं, बेट होतं तेवा पावसाचं पानी चारी अंगांनी खाडीत उतरायचं, आमाला कधी कळलं पन नाय पूर म्हंजे काय. बांध घातल्यावर पान्याला वाट एकच उरली, ती उघाडी. आनि उघाडीला खोताचं कुलूप — का, तर ओहोटीला उघडली नि भरतीच्या आत पाडायची कोनी विसरला, तर खारं पानी त्याच्या नव्या भातात शिरंल. आमच्या घरात कमरेएवढं पानी. शकूला माळ्यावर टाकलेली. शेजारची म्हातारी माच्यावर बसल्याबसल्या गार पडली. मानसं खोताकडं गेली, हात जोडले, तर बोलला पानी आपलं आपन उतरंल. उजाडताना यांनी कुदळ घेतली. मी दारात आडवी झाले, बोलले तुमी नका जाऊ, गावात दुसरी मानसं हायत. बोलले, सगुना, पोर बुडंल. आनि गेले. ओहोटी होती, पानी सुटलं ते गर्जत सुटलं नि उन्हं वर यायच्या आत घरं मोकळी झाली. पन मागून उधानाची भरती आली, तिला पन तीच वाट मिळाली, नि खोताचं सगळं भात खारं करून गेली. पुढं त्यानं आतल्या अंगाला दुसरा बांध घातला, ही खांड तशीच सोडली.

खोतानं दवंडी पिटली — बांध फोडनारा या वाडीतला निघाला तर वाडीचा कौल रद्द, एकाला पन जमीन कसू देनार नाय, घरं उठवनार. मग गावानं काय करायचं? पाटलांनी यांना पोपटच्या मचव्यात जुन्या शिडाखाली निजवलं, नि इकडं खोताच्या कारभाऱ्याला बांधावर बोलावून नारळ फोडला. खांडीला नाव दिलं म्हंजे मानूस मेला, खोताला आमची चाल ठावं होती, त्यानं मानलं. सगळा गाव वाचला त्या एका नावावर. मी कोनाला दोष देत नाय, कोनी वाईट नाय केलं. पाटील मना बोलले, सगुना, इथं कंचं नाव टिकलंय? हे पन जाईल, पोरं दुसरं काय बोलाया लागतील, खोत काय जन्माला पुरनार नाय, मग यांना आनू, कोनी दुसऱ्या गावचा पाव्हना बोलून आनू. तेवढ्यावर मी बसलेय, रावसाहेब. आनि झिजत होतं हो नाव, खरंच झिजत होतं. हल्ली पोरं नुसतं खांड बोलतात, खांडीवर जातो, खांडीवर खेकडे धरतो. मी मुद्दाम येऊन बसते ऐकायला. कंचं पन पोर नाव न घेता खांड बोललं की मना वाटतं, आज ते एक कोस जवळ आले. आनि आता तुमी साखळी घेऊन आलात. पाटलांना पन काय करता येईना, खोताचा कारभारी बाजूला उभा, मग जुनं तेच नाव सांगायला लागलं त्यांना. म्हनून बोलते, तुमी खोडा, तुमी खोडलं तर कोनाच्या ध्यानात पन —

काय?

बिलिमोऱ्याला कुठं, ते कशाला पायजे तुमाला?

नाय, तुमी शिसपेन का उचललीत? मी खोडा बोलले, लिवा नाय बोलले. नुसतंच विचारताय? नुसतं कोन विचारतं. रावसाहेब — तुमी उतरलात कुठं? मना मगाशीच विचारायचं ध्यानात नाय आलं. खोताच्या माडीवर. मग तुमी बसून आलात ती घोडी पन त्यांचीच. आनि आज तुमी पानावर बसलात की खोत विचारनार, काय काय मोजलंत, कोन कोन भेटलं. तुमी काय सांगनार? एक बाई भेटली. देवा, काय केलं मी हे. एवढी सालं दातांखाली धरलं, शकूला नाय सांगितलं, पोरीनं मांडीवर डोकं ठेवून विचारलं तरी नाय सांगितलं, आनि तुमी कीव करून बघितलंत एवढ्यावर सगळं ओतलं.

नाय ते. काय नाय. मी काय पन बोलले, मना रोज वेगळं वेगळं सुचतं. पाटलांनी तुमाला सांगितलं ना येडी हाय, मग त्यांचं ऐका की, त्यांचं ऐकायचं सोडून माझं कशाला धरता? पोपट म्हातारा झालाय, त्याचा मचवा मुंब्र्यापलीकडं जात नाय, त्याला काय करू नका. कसला बिलिमोरा, मी कल्यान सोडून दुसरा गाव बघितलेला नाय. बांगड्या मी घेतल्या, मीच, बाजारात घेतल्या. तिकडं काय बघताय. कपाळाकडं बघताय होय — मेला बोलतेस नि कुंकू कसं, असं ना? खरं हाय. खरं हाय तुमचं. असं कोन मानंल.

हा तुमच्या हद्दीचा दगड ना, सकाळी पुरलेला? सरका जरा. या बघा. हा हात झाला. आता हा. रगत काय नाय, काच हाय, लागायचीच, पायाखाली येईल तुमच्या, बघून चाला. आनि हे कुंकू. पुसलं. पसरलंय का? थांबा, खाडीचं पानी लावते. गेलं? नीट बघून सांगा, कुठं र्‍हायलं नाय ना. आता तुमाला खोतानं विचारलं तर सांगा, एक रांडाव बाई भेटली, खांडीवर बसून रडत होती. माझा नवरा मेला. या इथं मेला, बांध बुजवताना, सगळ्या गावानं बघितलं, मी पन बघितलं, मी हाक मारत होते नि तो हात वर करत होता. लिवा. ते पुसट दिसतंय, त्याच्यावरून पुन्हा गिरवा, कोनाला खोडता येनार नाय असं गिरवा. पाटलांच्या तोंडचं नको, माझ्या तोंडचं घ्या, बायकोनं सांगितलं म्हनून लिवा. नाथाची खांड. लिवलंत? नाथा. नाथाची खांड. मग आता बसलाय कशाला — मानसं आली तुमची, उठा, साखळी उचला नि व्हा पुढं.